फोर्कमधले सगळे नव्हे, मोजकेच बदल मूळ प्रकल्पाला द्यायचे असतील तर

प्रश्न असा आहे: बिलं तयार करणाऱ्या एका ओपन सोर्स प्रकल्पाचा फोर्क, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत, आम्ही सव्वा वर्षापूर्वी घेतला आणि ऑफिसच्या गरजेप्रमाणे त्यात बदल करत गेलो. सगळं काम मेन, म्हणजे मुख्य ब्रँचवरच झालं. आज तिथे मूळ प्रकल्पापेक्षा २३ कमिट (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंदलेले बदल) जास्त आहेत. त्यातल्या दोनच गोष्टी इतरांच्या उपयोगाच्या आहेत. एक, रक्कम १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७ अशी लाख-कोटींच्या पद्धतीने दाखवणं. दुसरी, ३१ जानेवारीच्या बिलाची 'एक महिन्याने देय' तारीख ३ मार्च निघत होती, ती दुरुस्ती. बाकी सगळं म्हणजे आमचा लोगो, आमचे कराचे नियम, आमच्या सर्व्हरची सेटिंग. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'आमचे बदल घ्या' अशी मूळ प्रकल्पाला विनंती, उघडली की सगळेच्या सगळे २३ कमिट जातात. हवे तेवढेच कसे पाठवायचे?

आधी एक तातडीची गोष्ट. सर्व्हरची सेटिंग म्हणालात, त्यात एखादा पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) आहे का ते आत्ताच बघा. सार्वजनिक रेपोचा, म्हणजे कोडसाठ्याचा, गिटहब या संकेतस्थळावरचा फोर्क सार्वजनिकच असतो, तो खाजगी करता येत नाही. पासवर्ड सापडला तर तो आधी बदला आणि मग पुढचं वाचा. नुसती ओळ खोडून काही होत नाही, जुना कमिट कुणालाही उघडून बघता येतो.

आता मूळ प्रश्न. पुल रिक्वेस्ट उघडताना कमिट निवडायची सोय नसते. निवड त्याच्या आधी, ब्रँच काढतानाच करायची असते. मूळ प्रकल्पाच्या ताज्या मेनवरून प्रत्येक विषयासाठी एक कोरी ब्रँच काढायची, तिच्यावर त्या विषयाचे तेवढेच कमिट आणायचे आणि त्या ब्रँचवरून पुल रिक्वेस्ट करायची. तुमचे विषय दोन, म्हणून ब्रँच दोन आणि पुल रिक्वेस्टही दोन. तुमच्या मेनवरचं काम जिथल्या तिथे राहतं.

हे असं का, ते एकदा समजून घ्या, म्हणजे कमांड पाठ कराव्या लागणार नाहीत. कमिट म्हणजे 'बदल' असं आपण बोलतो खरं, पण गिटच्या पोटात कमिट म्हणजे त्या क्षणीच्या संपूर्ण प्रकल्पाचा फोटो आणि त्याला जोडलेला आधीच्या कमिटचा पत्ता. त्या आधीच्या कमिटमध्ये त्याच्याही आधीच्याचा पत्ता. त्यामुळे तुमचा तेविसावा कमिट द्यायचा म्हटलं की त्याची सगळी वंशावळ मागोमाग येते. मधलाच एक पूर्वज वगळता येत नाही. आणि ब्रँच म्हणजे काय? तर कमिटचा ४० अक्षरी हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, लिहिलेली एक छोटी फाइल, शेवटचं नवीन ओळीचं चिन्ह धरून ४१ बाइट. ब्रँच काढायला काहीच खर्च येत नाही. तरीही लोक ब्रँच काढायला हात आखडता घेतात, कारण सबव्हर्जन या जुन्या साधनाच्या काळात ब्रँच म्हटलं की पुढचं मर्ज, म्हणजे ती परत मुख्य कोडमध्ये मिसळणं, अंगावर यायचं आणि ती धास्ती मनातून गेलेली नाही.

पुल रिक्वेस्टही कमिटच्या यादीशी बांधलेली नसते, ब्रँचच्या नावाशी बांधलेली असते. 'या ब्रँचमधून जे पोचतं आणि तुमच्या मेनमधून पोचत नाही, ते सगळं' असा तिचा अर्थ. उद्या त्या ब्रँचवर आणखी काही पुश केलंत, म्हणजे फोर्कवर चढवलंत, तर तेही आपसूक तिच्यात जातं. खरी मेख इथे आहे आणि मी ती चांगलीच भोगली आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका प्रकल्पाला मी एका ओळीची दुरुस्ती थेट माझ्या फोर्कच्या मेनवरून पाठवली. रिव्ह्यू व्हायला दहा-बारा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत मी त्याच मेनवर ऑफिसचं काम पुश करत राहिलो. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने रिक्वेस्ट उघडली तेव्हा तिच्यात चार परके कमिट होते आणि त्यातल्या एकात आमच्या टेस्ट सर्व्हरच्या डेटाबेसचा पासवर्ड. मी घाईघाईने कमिट मागे घेतले, फोर्कसुद्धा डिलीट केला. उपयोग झाला नाही. पुल रिक्वेस्टमध्ये एकदा आलेले कमिट गिटहब मूळ रेपोच्या बाजूलाही धरून ठेवतं, फोर्क गेला तरी ते तिथे दिसतात. रात्री जागून पासवर्ड बदलला. तेव्हापासून मेनवरून पुल रिक्वेस्ट करायची नाही हा नियम मी माझ्यापुरता आणि माझ्या टीमपुरता कधीच मोडू दिलेला नाही.

आता प्रत्यक्ष काम. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या. -सी, -एस असे एकाक्षरी पर्याय, वेगळं सांगितलं नसेल तर, लहान अक्षरांत; 'हेड' मात्र कॅपिटलमध्ये.

पहिल्यांदा मूळ रेपो दुसरा रिमोट, म्हणजे दूरचा रेपो, म्हणून जोडा. त्याला 'अपस्ट्रीम' म्हणायची रीत आहे. तुमचा फोर्क म्हणजे 'ओरिजिन'.

गिट रिमोट ॲड अपस्ट्रीम, पुढे मूळ रेपोचा पत्ता
गिट फेच अपस्ट्रीम

मग आपल्याकडे नेमकं काय जास्त आहे ते जुन्याकडून नव्याकडे बघा:

गिट लॉग --वनलाइन --रिव्हर्स --नो-मर्जेस अपस्ट्रीम/मेन..मेन

ही यादी कागदावर उतरवा. खरंच कागदावर. प्रत्येक कमिटपुढे 'तारीख', 'लाख', 'ऑफिस' किंवा 'मिश्र' असं लिहा. तुमच्या वर्णनावरून तारखेचा एक, लाख-कोटींचे दोन-तीन, एखाद-दुसरा मिश्र आणि बाकीचे ऑफिसचे असं काहीसं निघेल. या यादीवर अर्धा तास गेला तरी हरकत नाही, पुढचा सगळा वेळ तिच्यामुळे वाचतो.

सुरुवात तारखेच्या दुरुस्तीने करा. ती छोटी आहे, तिच्यावर वाद होणार नाही, आणि तिच्या निमित्ताने मेंटेनरशी ओळख होते.

गिट स्विच -सी तारीख-दुरुस्ती अपस्ट्रीम/मेन
गिट चेरी-पिक, पुढे त्या कमिटचा हॅश

पहिल्या ओळीतलं शेवटचं 'अपस्ट्रीम/मेन' विसरलात की सगळं मुसळ केरात. ते नसेल तर नवी ब्रँच तुम्ही उभे आहात तिथून, म्हणजे तुमच्या २३ कमिटवाल्या मेनवरून निघते. नाव नवं पण वंशावळ जुनीच. 'ब्रँच काढली तरी सगळे कमिट जातातच' अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांचं नेमकं इथेच चुकलेलं असतं. तुमचं गिट २.२३ च्या आधीचं असेल तर स्विच ही कमांड नसेल, तिच्या जागी 'गिट चेकआउट -बी' चालतं.

चेरी-पिक काय करतं? त्या कमिटमध्ये आणि त्याच्या आधीच्या कमिटमध्ये जो फरक आहे तेवढाच काढतं, तुम्ही उभे आहात तिथे लावतं आणि नवा कमिट बनवतं. लेखकाचं नाव आणि मेसेज तसाच राहतो, पण मागचा कमिट वेगळा म्हणून हॅश नवा. एकाहून जास्त कमिट आणायचे तर जुन्यापासून नव्याकडे याच क्रमाने आणा. सलग तीन असतील तर 'पहिला^..शेवटचा' असं द्या. ते टोपीचं चिन्ह लिहायचं राहिलं तर पहिला कमिट गळतो आणि पुढचे दोन अडखळू शकतात. चेरी-पिकला -एक्स लावा असं काही जण सांगतील. त्याने मेसेजमध्ये जुना हॅश नोंदला जातो. जुन्या रिलीज ब्रँचवर दुरुस्ती नेताना ते उपयोगी आहे, पण तुमच्या फोर्कमधला हॅश मूळ प्रकल्पाच्या लोकांना काहीच सांगत नाही. इथे लावू नका.

आता कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन्हीकडून झालेले वेगवेगळे बदल. सव्वा वर्षात मूळ प्रकल्पही पुढे गेलेला आहे, त्यामुळे लाख-कोटींच्या कमिटला बहुधा अडेल. फाइल उघडलीत की तीन खुणा दिसतील. वरच्या भागावर 'हेड' लिहिलेलं असतं, तो मूळ प्रकल्पाचा आजचा कोड. बरोबरच्या चिन्हांच्या ओळीखालचा भाग तुमच्या कमिटमधला. आता खालचा भाग नीट वाचा. समजा रक्कम दाखवणाऱ्या फंक्शनच्या अगदी वरच तुम्ही कधीतरी कराची एक ओळ घातली होती. ती ओळ या कमिटमधली नाही, आधीच्या एका ऑफिसच्या कमिटमधली आहे. पण शेजारी असल्यामुळे ती खालच्या भागात दिसते. एडिटरमध्ये 'खालचं घ्या' किंवा 'दोन्ही घ्या' असं बटण असतं. ते दाबलं की तुमचा कराचा नियम गुपचूप मूळ प्रकल्पाच्या बदलात शिरतो. म्हणून या कामात बटण वापरू नका. वरचा भाग तसाच ठेवा, त्यात लाख-कोटींच्या ओळी हाताने लिहा, खुणा काढा, मग 'गिट ॲड' आणि 'गिट चेरी-पिक --कंटिन्यू'. फारच गुंता झाला तर 'गिट चेरी-पिक --ॲबॉर्ट' म्हणा, सगळं होतं तसं परत येतं.

मिश्र कमिट हे सगळ्यात वेळखाऊ प्रकरण. शुक्रवारी संध्याकाळी 'बरेच बदल' असा मेसेज टाकून केलेला कमिट, ज्यात ऋण रकमेची दुरुस्तीही आहे आणि नवा लोगोही. तो असा सोडवायचा: आधी 'गिट चेरी-पिक -एन' आणि हॅश, म्हणजे बदल येतात पण कमिट होत नाही. मग 'गिट रीसेट', म्हणजे ते स्टेजवरून, पुढच्या कमिटसाठी केलेल्या निवडीतून, उतरतात. मग 'गिट ॲड -पी'. आता गिट एकेक तुकडा समोर ठेवून विचारतं, हा घेऊ का? वाय म्हणजे घे, एन म्हणजे नको, एस म्हणजे याचे आणखी बारीक तुकडे कर, ई म्हणजे मी स्वतः ओळी निवडतो. हवं ते घेऊन झालं की 'गिट कमिट -सी' आणि जुना हॅश द्या. साधा कमिट केलात तर लेखक म्हणून तुमचंच नाव लागतं. तो कोड मूळ सहकाऱ्याने लिहिलेला असेल तर त्याचं श्रेय जातं. -सी दिल्याने लेखकाचं नाव जुन्या कमिटमधलंच राहतं आणि मेसेज मात्र सुधारता येतो.

उरलेले तुकडे 'गिट रिस्टोर' आणि पुढे टिंब देऊन टाकून द्या. पण लोगोची फाइल नवी होती, ती अशाने जात नाही, गिटला अनोळखी फाइल म्हणून फोल्डरमध्ये पडून राहते. 'गिट क्लीन -एन' आधी काय काय पुसलं जाईल ते नुसतं दाखवतं. ते वाचून मगच -एफ वापरा.

ही झाडलोट मी मुद्दाम सांगतोय, कारण टेस्ट त्यानंतरच चालवायच्या असतात. फोल्डरमध्ये ऑफिसच्या फाइली पडून असतील तर टेस्ट पास होतात, तुमच्या मशीनवर सगळं आलबेल असतं आणि मेंटेनरच्या मशीनवर गाडी अडते. दुसरी शक्यता अशी की कमिट काहीही न अडता लागतो, पण त्यातलं फंक्शन आधीच्या एका ऑफिस-कमिटमधल्या मदतनीस फंक्शनला हाक मारत असतं आणि ते इथे नसतंच. गिट फक्त ओळी बघतं, कोडचा अर्थ त्याला कळत नाही. मी यासाठी वेगळा फोल्डरच वापरतो: 'गिट वर्कट्री ॲड', पुढे फोल्डरचा मार्ग आणि ब्रँचचं नाव. एकच रेपो, पण दुसरा स्वच्छ फोल्डर. तिथे ऑफिसची सेटिंग फाइल नाही, जुने पॅकेज नाहीत. तिथे टेस्ट पास झाली तर ती खरी.

लाख-कोटींच्या बदलाबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण तिथे प्रश्न फक्त गिटचा नाही. तुमच्या फोर्कमध्ये तुम्ही जुनी पद्धत काढून नवी घातली असणार. ऑफिसला तेवढं पुरतं. मूळ प्रकल्प मात्र जर्मनीतही वापरला जातो आणि जपानमध्येही, त्यांना ते चालणार नाही. बदल असा हवा की भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे गट पडतील आणि कुणाचं चालू असलेलं काही बिघडणार नाही. लाख-कोटींची पद्धत नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तानातही आहे, तेव्हा सेटिंगला 'भारत' असं नाव देऊ नका. प्रकल्प जावास्क्रिप्टमध्ये असेल तर ही सोय भाषेतच आहे. आकडे मांडणाऱ्या इंटल-नंबरफॉरमॅटला 'ईएन-आयएन' सांगितलं की १२,३४,५६७ असे गट इंग्रजी आकड्यांत पडतात, 'एमआर-आयएन' सांगितलं की तेच देवनागरी आकड्यांत येतात. तुमचं चाळीस ओळींचं फंक्शन कदाचित चार ओळींत बसेल. त्यामुळे इथे चेरी-पिकपेक्षा कोऱ्या ब्रँचवर नव्याने लिहिणं जास्त बरं. जुन्या कमिटमधून फक्त टेस्ट उचला. शून्य, ऋण रक्कम, ९९,९९९ आणि १,००,००० या सीमेवरच्या किमती तुम्ही अनुभवाने गोळा केलेल्या आहेत आणि मेंटेनरला त्यांचीच किंमत जास्त वाटेल.

चेरी-पिकच केलंत तर 'लाख घातले', 'ऋण रक्कम राहिली होती', 'स्पेस काढली' असे तीन कमिट तसेच पाठवू नका. 'गिट रीबेस -आय अपस्ट्रीम/मेन' करून त्यांचा एक करा आणि मेसेज नव्या माणसाला कळेल असा लिहा. तुमच्या ऑफिसचा तिकीट नंबर त्यात राहू देऊ नका. काही प्रकल्पांना प्रत्येक कमिटखाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ, म्हणजे 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' अशी सही, लागते, ती 'गिट कमिट -एस' ने येते. लिनक्स कर्नेलमध्ये ती पद्धत २००४ पासून आहे.

पुश करण्याआधी शेवटचं बघायचं ते हे:

गिट डिफ अपस्ट्रीम/मेन...हेड

टिंबं तीन, दोन नव्हेत. पुल रिक्वेस्टमध्ये जे दिसणार तेच इथे दिसतं. प्रत्येक ओळ वाचा. लोगो, कर, सर्व्हर यांचा मागमूस नको. मग 'गिट पुश -यू ओरिजिन तारीख-दुरुस्ती' आणि त्या ब्रँचवरून पुल रिक्वेस्ट. रिव्ह्यूनंतर बदल सुचवले तर याच ब्रँचवर करा. रीबेस करून पुन्हा पुश करावं लागलं तर साध्या फोर्सऐवजी, म्हणजे तिथलं न बघता पुसून लिहिण्याऐवजी, '--फोर्स-विथ-लीज' वापरा. मेंटेनरने मधल्या वेळेत तुमच्या ब्रँचवर काही दुरुस्त केलं असेल तर हा पुश अडतो आणि त्याचं काम पुसलं जात नाही. अडल्यावर आधी त्याचं काम आपल्या ब्रँचमध्ये घ्या, मगच परत पुश करा.

पुढच्या वेळी हा व्याप नको असेल तर फोर्कची मांडणीच बदला. मेन म्हणजे मूळ प्रकल्पाची हुबेहूब प्रत, आणि ऑफिसचं काम 'ऑफिस' नावाच्या ब्रँचवर. क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'गिट ब्रँच ऑफिस मेन' आणि ती पुश करा. मग तुमचा सर्व्हर फोर्कच्या मेनवरून कोड उचलत असेल तर त्याला 'ऑफिस'वर वळवा, नाहीतर पुढच्या वेळी ग्राहकाच्या बिलावरून तुमचा लोगो गेलेला असेल. आत्ता मेनवरून उघडलेली पुल रिक्वेस्ट दोन शब्द लिहून तुम्हीच बंद करा. कमिट न केलेलं काही नाही ना, ते 'गिट स्टेटस'ने बघा, कारण ते परत मिळत नाही. मग मेनवर जाऊन 'गिट रीसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन' आणि फोर्स-विथ-लीजने पुश. यापुढे दुरुस्ती सुचली की आधी ती अपस्ट्रीमवरून काढलेल्या ब्रँचवर करायची आणि तिथून 'ऑफिस'मध्ये मर्ज करायची. दिशा उलटी झाली की निवडानिवड करावीच लागत नाही. गिट हा प्रकल्प स्वतःसुद्धा असाच चालतो. ज्युनिओ हमानो २००५ पासून तो सांभाळतात, तिथे प्रत्येक विषयाची ब्रँच वेगळी असते आणि ती पिकेपर्यंत मुख्य ब्रँचमध्ये येत नाही.

एक अडचण पुढे नक्की येणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. बरेच प्रकल्प पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून घेतात. म्हणजे तुमचे कमिट दळून त्यांचा एक नवा कमिट होतो, नव्या हॅशचा. मग तुमच्या 'ऑफिस' ब्रँचमध्ये अपस्ट्रीम मर्ज करताना तोच बदल दोन्हीकडून येतो. तंतोतंत सारखा असेल तर गिट बोलतही नाही. रिव्ह्यूमध्ये काही बदललं असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो आणि तेव्हा त्या बदलापुरती मूळ प्रकल्पाची बाजू घ्यायची. ती तुमच्याच कोडची तपासलेली आवृत्ती आहे, आणि ती घेतली की फोर्क आणि मूळ यांच्यातला फरक तेवढा कमी होतो.

काम झालं की विषयाची ब्रँच पुसून टाका. स्क्वॉश झालेलं असेल तर 'गिट ब्रँच -डी' लहान डीने म्हटल्यावर गिट 'ही पूर्ण मर्ज झालेली नाही' असं म्हणून अडवू शकतं. घाबरू नका, त्याला फक्त हॅश ओळखू येत नाही. अपस्ट्रीम फेच करून आपला बदल तिथे खरंच आलाय हे डोळ्यांनी बघा आणि मग कॅपिटल डीने पुसा. चुकून दुसरीच ब्रँच पुसली गेली तर 'गिट रिफ्लॉग'मध्ये तिचा शेवटचा हॅश सापडतो आणि त्यावरून ती परत उभी करता येते. मूळ सेटिंगमध्ये अशा नोंदी निदान ३० दिवस टिकतात.